पुन्हा न आलेला पेशंट

इंदूरच्या रामबागेत आमच्या शेजारच्या मामांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर, निघाला, तेव्हा मामींनी डॉक्टरांना एकच विचारलं, "किती दिवस?" डॉक्टरांनी स्टेज सांगितली. दुसरी.

ही स्टेज ठरवण्याची रीत 2005 सालची. रक्तातली दोन प्रथिनं मोजायची: बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन लिटरला 3.5 मिलिग्रॅमच्या आत आणि अल्ब्युमिन डेसिलिटरला निदान 3.5 ग्रॅम, तर पहिली. बीटा-2 साडेपाचला पोचलं की तिसरी. उरलेले सगळे दुसरीत. 2015 मध्ये त्यात एलडीएच हे रक्तातलं एन्झाइम आणि गुणसूत्रांतले दोष धरले गेले, पण ती सुधारणा औषधचाचण्यांतल्या रुग्णांवरून बेतलेली. चाचणीत घेताना बहुधा किडनी बिघडलेले, फार थकलेले लोक वगळतात. आणि मायलोमा तर किडनीवरच उठतो! म्हणून आता रोजच्या ओपीडीच्या नोंदी, लॅबचे रिपोर्ट, विम्याची बिलं संगणकाला देऊन मृत्यूचा धोका काढायला शिकवतात.

अडचण वेगळीच असते. नोंदीत आजार असतो, शेवट नसतो.

समजा, दहा पेशंट आहेत. सहा महिन्यांनी चौघं यायचे बंद झाले. राहिलेल्या सहांपैकी दोघं वर्षाच्या आत वारले. वर्षभर जगले किती? न आलेले जिवंत धरले तर 80 टक्के, गेलेले धरले तर 40. कापलान आणि मायर या संख्याशास्त्रज्ञांनी 1958 मध्ये मधली वाट दाखवली: ज्याची माहिती जिथवर आहे तिथवरच त्याला मोजायचं. मग सहांपैकी चौघं जगले, म्हणून उत्तर येतं सुमारे 67 टक्के.

पण यात एक गृहीत दडलंय. न येणारे आणि येणारे सारख्याच तब्येतीचे असले पाहिजेत. इंदूरला झाबुआ, खरगोनहून माणसं येतात. कुणी बरं वाटलं म्हणून येत नाही, कुणाकडे भाड्याला पैसे नसतात, आणि कुणाला "आता घरी न्या" म्हटलेलं असतं. हे शेवटचे जास्त असले, तर 67 हा आकडा भाबडा ठरतो. त्यावर शिकलेला संगणक तितकाच भाबडा, मग त्याचं गणित कितीही भारी असो. उपाय मात्र साधा आणि कंटाळवाणा: घरी फोन करायचा, मृत्युनोंदणीशी नावं जुळवायची. कायद्यानं मृत्यू 21 दिवसांत नोंदवायचा असतो, पण एकाच माणसाचं नाव दोन कागदांवर एकसारखं लिहिलेलं सापडेल तर शपथ!

मामांचंच घ्या. इथल्या फाईलीत त्यांची शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची आहे. मामा पुण्यात लेकीकडे उपचार घेताहेत, आणि पोह्यांवर जीरावन, आपला इंदुरी मसाला, नसतं म्हणून रोज सकाळी कुरकुरतात.