गव्हर्नरला कशाला झोडताय?

मित्राचा व्हॉइस मेसेज आला, त्यात तो स्वतः काहीच बोलत नाहीये, नुसता इंजिनचा आवाज. भूंऽऽ करत चढतं, मग दम लागल्यासारखं पडतं, परत चढतं. २० सेकंदांत १७ वेळा, मी मोजलं. खाली टाइप केलेलं, "गव्हर्नर गेला वाटतं. स्प्रिंग दुसऱ्या भोकात अडकवून बघितली, तरी तसंच." (गव्हर्नर म्हणजे इंजिनचा वेग एकसारखा ठेवणारा भाग.) त्याच्याकडे बसून चालवायचं गवत कापायचं मशीन आहे, रायडिंग मोवर, एका सिलेंडरचं पेट्रोल इंजिन. आणि मशीन चार महिने टाकीत पेट्रोल तसंच ठेवून झाकून ठेवलं होतं, हे त्याने मी खोदून विचारल्यावर सांगितलं!

इंजिन असं झुलायला लागलं की सगळे आधी गव्हर्नरलाच धरतात. साहजिक आहे, कारण बाहेरून हलताना तोच दिसतो, त्याची दांडी पुढेमागे नाचत असते. पण जो धावपळ करतोय त्यानेच आग लावली असं म्हणण्यातला हा प्रकार आहे.

आधी हा गव्हर्नर करतो काय ते बघू, कारण मला त्याच्याबद्दल भलतं प्रेम आहे. मोवरवरचा सशाचं आणि कासवाचं चित्र असलेला लिव्हर तुम्ही पुढे ढकलता तेव्हा वाटतं आपण अॅक्सिलरेटर दिला. तसं नसतं. तो लिव्हर फक्त एक स्प्रिंग ताणतो. स्प्रिंग थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी, पाकळी उघडायला बघते, आणि इंजिनच्या पोटात फिरणारी दोन छोटी वजनं वेग वाढला की बाहेर फेकली जातात आणि तीच पाकळी बंद करायला बघतात. या ओढाताणीत जिथे बरोबरी होते तो तुमचा वेग, फुल लिव्हरला साधारण मिनिटाला ३६०० फेरे. खात्री करायची तर इंजिन बंद असताना लिव्हर सशावर ठेवून एअर फिल्टर काढून आत डोकवा, पाकळी सताड उघडी दिसेल. वजनं फिरतच नाहीयेत, मग स्प्रिंगला अडवणार कोण?

जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला असाच फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर लावला. पुढे अशी इंजिनं कधी कधी उगाच झुलायला लागतात हे लोकांच्या लक्षात आलं, आणि १८६८ मध्ये जेम्स क्लर्क मॅक्सवेलने, हो तोच, प्रकाश आणि विद्युतचुंबकत्ववाला, नुसत्या गव्हर्नरांवर एक शोधनिबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की वेगाला धक्का बसला की चारच गोष्टी होऊ शकतात: बिघाड वाढत जाईल, विरत जाईल, झोके वाढत जातील, नाहीतर झोके विरत जातील. पहिला आणि तिसरा प्रकार नको असेल तर यंत्राच्या समीकरणाच्या सगळ्या मुळांचा वास्तव भाग ऋण असायला हवा, आणि समीकरण तिसऱ्या घाताचं असेल तर त्यासाठी सहगुणकांमध्ये एक ठरावीक असमानता पाळली जावी लागते, म्हणजे नुसतं सगळे सहगुणक धन असून भागत नाही... बरं, राहू दे, शॉवरखाली जाऊ.

गरम-थंड नळ मिसळून आंघोळ करताना पाणी गार लागलं की आपण गरम नळ वाढवतो. पाइपातून गरम पाणी यायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात धीर सुटून आपण आणखी वाढवतो, मग एकदम चटका, मग घाईने बंद, मग परत गार. नळ चांगला, हातही चांगला, उशीर आणि अतिउत्साह मिळून हा खेळ करतात. दुरुस्ती जर अर्धा झोका उशिरा पोचली तर ती उलटीच पडते, पडत्याला ढकलते. मेकॅनिक लोक याला 'हंटिंग' म्हणतात.

आता मोवरच्या इंजिनात हा अतिउत्साह येतो कुठून? गवत कापत नसताना ३६०० फेऱ्यांवरसुद्धा पाकळी जेमतेम उघडी असते, आणि तेव्हा पुष्कळशा कार्ब्युरेटरमध्ये (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) पेट्रोल येतं ते पाकळीच्या कडेजवळच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे पायलट जेट नावाच्या बारीक भोकाच्या तोटीकडून. मोठा जेट पाकळी बऱ्यापैकी उघडल्यावर कामाला लागतो. पायलट जेटचं भोक समजा अर्ध्या मिलिमीटरचं. महिनोन्‌महिने पडलेल्या पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात, उरलेल्याची हवेतल्या ऑक्सिजनशी क्रिया होऊन चिकट राळ बनते. त्या राळेचा चहूबाजूंनी फक्त ०.०५ मिमीचा थर बसला, बारीक केसाएवढा, तर भोक ०.४ मिमी उरतं. क्षेत्रफळ मात्र व्यासाच्या वर्गाने घटतं, ते ३६ टक्क्यांनी कमी! १ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथे ढोबळमानाने २३ किलो हवा येते. असं पातळ मिश्रण धड पेटत नाही. वेग पडतो, गव्हर्नर पाकळी उघडतो, काही होत नाही, आणखी उघडतो, मग अचानक मोठा जेट जागा होतो आणि इंजिन उधळतं. गव्हर्नर पाकळी मिटतो, आणि परत तुंबलेल्या पायलट जेटच्या दारात. २० सेकंदांत १७ वेळा.

म्हणूनच असं इंजिन गवतात घातलं की बरेचदा गुमान चालतं, भार आला की पाकळी उघडीच राहते ना. आणि म्हणूनच सगळ्यात सोपी टेस्ट म्हणजे चालू इंजिनला हळूहळू अर्धा चोक देणे. चोकमुळे हवा कमी, पेट्रोल जास्त. आवाज सरळ झाला तर पेट्रोल कमी पडतंय हे पक्कं, मग जेट तुंबलाय किंवा कार्ब्युरेटरमागच्या गॅस्केटमधून चोरटी हवा शिरतेय.

बाकीचे रोग पटकन सांगतो. १५-२० मिनिटं चालून बंद पडतं आणि टाकीचं झाकण सैल केलं की परत चालतं, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलंय, कारण पेट्रोलला कोणी ओढत नसतं, बाहेरच्या हवेचा दाबच ढकलतो, ती हवा टाकीत शिरली नाही तर ढकलणार काय. खड्ड्यात आदळलं की बंद होतं, तर सीटखालचा स्विच बघा, तुम्ही उठलात असं त्याला वाटतं. काळा धूर निघत असेल तर उलट, एअर फिल्टर भरलाय किंवा चोक अडकलाय.

आणि पेट्रोलच्या पाइपला लोहचुंबक बांधून 'रेणू सरळ करणारे' विकतात त्यांच्या नादी लागू नका. पेट्रोलचे रेणू लोखंडाचा कीस नाहीत, असल्या चुंबकाने ते रांगेत उभे राहत नाहीत, आणि राहिले असते तरी तुंबलेल्या भोकासमोरच रांग लागली असती.

मित्राला सांगितलं, इंजिन गार होऊ दे, प्लगची कॅप काढून ठेव, मोकळ्या हवेत बस. कार्ब्युरेटरची वाटी उघडल्यावर तळाशी गुळाच्या पाकासारखा तपकिरी थर निघाला. जेट पितळेचा, मऊ असतो, सुई किंवा ड्रिल घातलं तर भोक कायमचं मोठं होतं, म्हणून क्लीनरमध्ये भिजवून वायरीतली तांब्याची एक बारीक तार फिरवायची, मग हवा मारायची. डोळ्यासमोर उजेडाला धरल्यावर गोल ठिपका स्वच्छ दिसला पाहिजे.

संध्याकाळी दुसरा मेसेज आला. आवाज एकदम सरळ, मित्र खूश. पण मला तो जरा चढा वाटला, म्हणून आवाजाची कंपनं मोजणाऱ्या अॅपमध्ये टाकला. एका सिलेंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पेटतं, म्हणजे सेकंदाला जितके ठोके ते गुणिले १२० म्हणजे मिनिटाचे फेरे. अॅपने ३४ ठोके दाखवले. ४०८० फेरे! पात्यांवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळपास २८ टक्के जास्त. त्याने दुसऱ्या भोकात अडकवलेली ती स्प्रिंग अजून तिथेच होती. जुन्या भोकात घातली तेव्हा २९ ठोके आले, ३४८० फेरे.