जनुकीय चेता-स्नायू विकार असलेल्या तान्ह्या बाळांची भूल

एसएमए (स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी, मज्जारज्जूतील चेतापेशींचा विकार), ली सिंड्रोम (पेशींच्या ऊर्जानिर्मितीचा विकार), सेंट्रल कोअर डिसीज (स्नायूंचा विकार) अशा दुर्मीळ विकारांच्या बाळांना एमआरआय, स्नायूची बायोप्सी किंवा दूध देण्यासाठी पोटातून नळी बसवण्यासाठी भूल द्यावी लागते. तिचा एकच ठरलेला साचा नाही. बिघाड कुठे आहे, त्यावर औषध ठरते.

एसएमएमध्ये मज्जातंतूंचा पुरवठा तुटलेल्या स्नायूंवर अ‍ॅसिटिलकोलीन या चेतासंदेश पोचवणाऱ्या रसायनाचे ग्राही रेणू (रिसेप्टर) सर्वत्र पसरतात. सक्सिनिलकोलीन हे स्नायू शिथिल करणारे औषध दिले की स्नायूंतून पोटॅशियम एकदम रक्तात उतरते आणि हृदय थांबू शकते. म्हणून ते वर्ज्य. रोक्युरोनियम हे दुसरे स्नायू-शिथिलक लागलेच तर कमी मात्रेत, नर्व्ह स्टिम्युलेटर (स्नायू किती शिथिल झाले ते मोजणारे यंत्र) लावून.

सेंट्रल कोअरमध्ये दोष बहुधा आरवायआर१ जनुकात असतो. सेव्होफ्लुरेनसारखे भुलीचे वायू आणि सक्सिनिलकोलीन यांनी घातक ताप (मॅलिग्नंट हायपरथर्मिया) भडकू शकतो. भूलयंत्रातील व्हेपोरायझर (वायू सोडणारा भाग) काढून यंत्र ऑक्सिजनने धुवावे, भूल शिरेतून द्यावी. या तापावरचे औषध डँट्रोलीन हाताशी हवेच: पहिली मात्रा किलोमागे २.५ मिग्रॅ. २० मिग्रॅच्या जुन्या कुपीत ६० मिली निर्जंतुक पाणी घालतात, म्हणजे ६ किलोच्या बाळाला १५ मिग्रॅसाठी ४५ मिली. पूड सावकाश विरघळते. त्या कामाला वेगळा माणूस ठेवावा.

निदानच झालेले नसेल तर पेच खरा. सक्सिनिलकोलीन कुठल्याच लुळ्या बाळाला नको. सीपीके (स्नायूंना इजा झाल्यास रक्तात वाढणारे द्रव्य) फार वाढलेले असल्यास वायू टाळावेत. लॅक्टेट वाढलेले असल्यास मायटोकाँड्रियाचा (पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा) विकार धरून प्रोपोफॉल या शिरेतून द्यायच्या भुलीच्या औषधाचे लांबलेले इन्फ्युजन आणि रिंगर लॅक्टेट हे सलाइन टाळावे.

सर्वांत दुर्लक्षित बाब उपाशी ठेवण्याची. आईचे दूध ४ तास, वरचे दूध ६ तास, पाणी २ तास आधी बंद करतात. ली सिंड्रोमच्या बाळाला याहून लांबलेली भूक सोसत नाही: साखर उतरते, लॅक्टेट चढते. ठाणे, कल्याणची बाळे तपासणीला मुंबईतील परळच्या वाडिया किंवा केईएम रुग्णालयात जातात. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात केईएम उत्कृष्टता केंद्र आहे. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर गाडी अडकली की हे गणित कोलमडते. त्यामुळे आदल्या संध्याकाळीच भरती करावे, शस्त्रक्रियेच्या यादीत पहिला क्रमांक मागावा आणि दूध बंद होताच डेक्स्ट्रोज सलाइन सुरू करावे.

भुलीनंतर श्वासासाठी घातलेली नळी काढल्यावर खोकला दुबळा असतो, कफ साचतो, श्वास मंदावतो. नाकाच्या मास्कचा व्हेंटिलेटर आणि बालरोग आयसीयूतील खाट आधीच निश्चित हवी. खाट नसेल तर तातडीची नसलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि स्थानिक बधिरीकरण पुरेसे ठरल्यास मॉर्फिन टाळावे.