तोरिनोची डाळिंबी जर्सी: धुऊन पुन्हा घालायचा कपडा ठेव्याची वस्तू कसा झाला

इटलीतल्या तुरिन शहरातल्या फिलाडेल्फिया मैदानावर तोरिनो या फुटबॉल क्लबचा खेळ रेंगाळू लागला की प्रेक्षकांतून तुतारी वाजायची. ती वाजवणारा ओरेस्ते बोल्मिदा हा रेल्वेतला कर्मचारी. तुतारी कानावर पडली की कर्णधार व्हालेंतिनो माझ्झोला जर्सीच्या लांब बाह्या कोपरापर्यंत वर सारायचा. पुढच्या पंधरा मिनिटांत समोरच्या संघाची धडगत नसे. त्या पंधरा मिनिटांना तुरिनकर आजही 'डाळिंबी पाव तास' म्हणतात. 30 मे 1948 रोजी लाझिओविरुद्ध तोरिनो 0-3 असा मागे होता. सामना संपला तेव्हा फलक 4-3 झाला होता.

इटलीतल्या जुन्या जर्सींबद्दल बोलायचं तर मी सुरुवात या बाह्यांपासूनच करतो. संग्राहक एखाद्या जर्सीपुढे तासन् तास का बसतो, हे बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. त्याला रंग किंवा सही बघायची नसते. हा कपडा कुणाच्या अंगावर होता आणि त्या अंगाने त्याच्याशी काय केलं, हे तो शोधत असतो.

आधी रंगाविषयी. इटालियनमध्ये या रंगाला 'ग्रानाता' म्हणतात आणि शब्दाचं मूळ डाळिंबातच आहे, त्यामुळे मराठीत 'डाळिंबी' म्हटलं की काम झालं, 'गडद लाल' असली ओढाताण करावी लागत नाही. क्लबची स्थापना डिसेंबर 1906 मधली. तुरिनमधल्याच ज्युव्हेंटस क्लबचे माजी अध्यक्ष आल्फ्रेड डिक तिथून फुटून निघाले आणि या नव्या क्लबच्या उभारणीत पुढे राहिले, म्हणून या दोन क्लबांचं वैर जन्मापासूनचं. रंग कुठून आला याच्या कथा अनेक. 1706 साली तुरिनचा वेढा उठला, विजयाची बातमी आणणारा दूत रक्तबंबाळ होऊन पडला आणि त्याच्या स्मरणार्थ तिथल्या साव्हॉय राजघराण्याच्या फौजेने रक्तवर्णी रुमाल बांधला, ही त्यांतली सर्वांत लाडकी. छातीवरचा उधळलेला बैल मात्र थेट शहराच्या मानचिन्हातून आलेला आहे.

1940च्या दशकातल्या जर्सी इतक्या दुर्मीळ का, याचं उत्तर साधं आहे. त्या कुणी जपण्यासाठी शिवल्याच नव्हत्या. जर्सी क्लबच्या मालकीची, खेळाडूच्या नव्हे. सामना झाला की धुवायची, फाटली तर रफू करायची, पुढच्या रविवारी पुन्हा घालायची, पार विरली की खालच्या संघाला द्यायची. त्यातच युद्ध. इटलीत 1941 पासून कपड्यांवर रेशन आलं. खेळाडूंना आघाडीवर जावं लागू नये म्हणून त्यांना फियाट कारखान्याचे कामगार दाखवलं गेलं आणि 1944 ची स्पर्धा संघ 'तोरिनो फियाट' या नावाने खेळला. अशा काळात धडधाकट लोकरी कपडा आठवण म्हणून पेटीत घालून ठेवण्याचा विचार कोण करणार? आपल्याकडच्या आज्या जुन्या लुगड्याची गोधडी शिवायच्या, तोच हा हिशेब.

आणि संघ तरी कसा होता! 1943 आणि मग 1946 ते 1949, युद्धातला खंड सोडला तर ओळीने पाच विजेतेपदं. 2 मे 1948 ला आलेस्सांद्रियाविरुद्ध 10-0. 11 मे 1947 ला तुरिनमध्ये इटलीने हंगेरीला 3-2 हरवलं, तेव्हा इटलीच्या अकरांतले दहा जण तोरिनोचे होते. विजेत्या संघाने पुढच्या हंगामात छातीवर तिरंगी ढाल लावायची, ही इटलीची पद्धत 1924 पासूनची. ती ढाल या जर्सीवर इतकी वर्षं टिकली की लोकांना ती कायमचीच वाटू लागली होती.

4 मे 1949. लिस्बनमध्ये बेनफिकाचा कर्णधार फ्रान्सिस्को फेरेरा याच्या सन्मानार्थ मैत्रीचा सामना खेळून संघ परतत होता. ढगांनी झाकलेल्या सुपेर्गा टेकडीवर, वरच्या बॅसिलिकाच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, मागच्या बाजूला विमान आदळलं. 31 जण गेले, त्यांत 18 खेळाडू. मृतदेह ओळखायला राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक राहिलेले व्हित्तोरियो पोझ्झो यांना उभं राहावं लागलं. त्यांतल्या अनेकांना त्यांनीच देशासाठी खेळवलं होतं. खेळाचं सामानही त्याच विमानात होतं. डोंगरावर विखुरलेल्या त्या बॅगा आजही संग्राहकांच्या बोलण्यात येतात तेव्हा आवाज आपोआप खाली जातो.

उरलेले चार सामने तोरिनोच्या कुमार संघाने खेळले. समोरच्या क्लबांनीही आपापली पोरंच उतरवली. 26 मे रोजी अर्जेंटिनाहून रिव्हर प्लेट मृतांच्या कुटुंबीयांसाठी खेळायला तुरिनला आला. त्यांच्याकडे पुढे रेआल माद्रिदचा तारा झालेला तरुण दि स्तेफानो होता. त्यांच्यासमोर उभा राहिलेला 'तोरिनो सिंबोलो', म्हणजे प्रतीकरूप तोरिनो, इतर क्लबांच्या खेळाडूंतून जमवलेला होता. मिलानचा नोर्दाल आणि चक्क ज्युव्हेंटसचा बोनिपेर्ती डाळिंबी जर्सी घालून खेळले. सामना 2-2 सुटला. तोरिनोच्या बाहेरगावच्या पांढऱ्या जर्सीवर अनेक हंगामांत छातीवरून तिरका डाळिंबी पट्टा दिसतो, तो रिव्हर प्लेटच्या उपकाराची खूण म्हणून. ब्राझीलमधल्या कोरिंथियान्सनेही तोरिनोच्या स्मरणार्थ 2011 मध्ये गर्द डाळिंबी रंगाची जर्सी काढली. 1948 च्या दौऱ्यात हा संघ त्यांच्याशी खेळला होता.

इटलीच्या पहिल्या श्रेणीत पाठीवर आकडे आले ते 1939-40 च्या हंगामात, आणि खेळाडूचं नाव व कायमचा आकडा आला तो थेट 1995-96 मध्ये. मधली 56 वर्षं आकडा जागेचा होता, माणसाचा नव्हता. 10 नंबरची जुनी जर्सी हाती आली तर तिच्यावर 'माझ्झोला' लिहिलेलं नसतं. ती कुणी, कधी घातली हे जुन्या छायाचित्रांशी ताडून ठरवायचं. ढाल किती तिरकी शिवली आहे, आकड्याचा कोपरा कुठे उचलला गेलाय, रफू कोणत्या बाजूला आहे. एका चुकलेल्या टाक्यावरून ओळख पटते, आणि ती पटते तो क्षण मला कुठल्याही सहीपेक्षा मोठा वाटतो.

7 नंबरची गोष्ट तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. जिजी मेरोनी उजव्या बगलेवर खेळायचा, चित्रं काढायचा, स्वतःचे कपडे स्वतः बेतायचा. 15 ऑक्टोबर 1967 रोजी सांपदोरियाला हरवल्यानंतर संध्याकाळी तुरिनचा कोर्सो रे उंबेर्तो हा रस्ता ओलांडताना त्याला मोटारीने उडवलं. वय 24. पुढच्याच रविवारी ज्युव्हेंटसशी सामना होता. त्याचा मित्र नेस्तोर कोंबिन अंगात ताप असताना उतरला आणि त्याने तीन गोल केले. मेरोनीची 7 नंबरची जर्सी अल्बेर्तो कारेल्लीला मिळाली होती. चौथा गोल त्याने केला. 4-0.

त्यानंतर ढाल परतली ती 1976 मध्ये, पुलिची आणि ग्राझियानी या आघाडीच्या जोडीच्या जोरावर, सुपेर्गानंतर 27 वर्षांनी. 1976-77 ची ढालवाली जर्सी म्हणून तोरिनोच्या संग्राहकांना इतकी प्रिय: माझ्झोलाच्या पिढीने जिंकलेली ढाल सोडली तर छातीवर ढाल घेऊन हा संघ एवढा एकच हंगाम खेळला आहे. त्या हंगामात 60 पैकी 50 गुण मिळवूनही विजेतेपद ज्युव्हेंटसकडे गेलं, 51 गुणांवर.

जाहिराती उशिरा आल्या. 1979 मध्ये पेरुजा क्लबने पास्ता बनवणाऱ्या 'पोंते'चं नाव जर्सीवर आणून वाद ओढवून घेतला, 1981 पासून रीतसर परवानगी मिळाली. संग्राहकाला याचा फायदाच झाला, कारण छातीवरच्या नावावरून हंगाम चटकन कळतो.

आता सहीबद्दल. माझ्झोलाच्या काळात सह्या कागदावर होत: संघाच्या छायाचित्रावर, पोस्टकार्डावर, शाळकरी वहीत. जाड लोकरीवर दौतीच्या शाईची सही उमटतच नाही, ओघळते. कापडावर ठळक उमटणारे कायम शाईचे मार्कर नंतरचे. म्हणून 1949 पूर्वीच्या खेळाडूची सही जर्सीवर दाखवून कुणी विकत असेल तर आधी शाईचं विचारावं, किमतीचं नंतर. त्या काळाच्या धर्तीवर विणलेल्या नव्या लोकरी जर्सीही सर्रास मिळतात. हौसेने घालायला त्या उत्तम, पण दोनचारदा धुऊन, उन्हात ठेवून 'जुनी' म्हणून त्यांतलीच एखादी गळ्यात मारली जाऊ शकते. नव्या काळातल्या सह्यांनाही जपावं लागतं. पॉलिस्टरवर मार्कर हळूहळू पसरतो, उजेडात फिका पडतो. सही झालेली जर्सी धुवायची नाही, घडी एकाच जागी घालायची नाही, काचेत लावली तरी खिडकीसमोर टांगायची नाही. आणि सामन्यातल्या चिखलाचा डाग असेल तर तो राहू द्यायचा.

2005 मध्ये जुना क्लब दिवाळखोरीत गेला आणि नव्याने उभा राहिला. त्याआधीच, 2002 मध्ये, चाहत्यांनी सुपेर्गावर संग्रहालय उघडलं होतं. 2008 मध्ये ते तुरिनलगतच्या ग्रुल्यास्कोमधल्या व्हिला क्लारेत्ता अस्सांद्री या जुन्या वाड्यात आलं. ते स्वयंसेवक चालवतात. तिथे विमानाचा पंखा आहे, चाक आहे, बॅगा आहेत, आणि जर्सी आहेत. घराघरांतून आलेल्या वस्तू विकत घेणाऱ्याच्या कपाटात न जाता तिथे सगळ्यांसाठी टांगल्या गेल्या, याबद्दल मला त्या माणसांचे पाय धरावेसे वाटतात.

माझ्झोला गेला तेव्हा त्याचा थोरला मुलगा सांद्रो सहा वर्षांचा होता. तो पुढे इंटर मिलानकडून खेळला. 27 मे 1964 ला व्हिएन्नात युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात इंटरने रेआल माद्रिदला 3-1 हरवलं, त्यांतले दोन गोल सांद्रोचे. सामना संपल्यावर तो दि स्तेफानोची जर्सी मागायला निघाला होता, 1949 मध्ये त्याच्या वडिलांच्या संघासाठी तुरिनला येऊन खेळलेल्या दि स्तेफानोची. वाटेत रेआलच्याच फेरेंक पुश्काशने त्याला थांबवलं. 1947 च्या त्या सामन्यात पुश्काश हंगेरीकडून तुरिनमध्ये खेळला होता. मी तुझ्या वडिलांविरुद्ध खेळलोय, तू त्यांना शोभतोस, असं म्हणून त्याने अंगातली जर्सी काढली आणि सांद्रोच्या हातात दिली.