जेली हवी की नको?

1993 चा मार्च. अमेरिकेत टेक्सासमधल्या वेको शहरात, एका बालगृहात काही मुलांना पीनट बटरचं सँडविच देताना कुणीतरी सहज विचारलं, नुसतं हवं की जेली लावून? मुलं गोंधळली. काही तर चक्क चिडली.

ही 21 मुलं 'ब्रांच डेव्हिडियन' नावाच्या धार्मिक गटाच्या वस्तीतून आली होती. 28 फेब्रुवारीला तिथे सरकारी छापा पडला, गोळीबारात दोन्हीकडची माणसं मेली आणि पुढे 51 दिवस वेढा चालला. त्या वेढ्यात गटाचा नेता डेव्हिड कोरेश याने या मुलांना बाहेर सोडलं. बालमनोविकारतज्ज्ञ ब्रूस पेरी यांनी मुलांची नाडी पाहिली, तर नुसत्या बसलेल्या मुलांचे ठोकेही मिनिटाला शंभराच्या वर. यात छाप्याची दहशत किती आणि आतल्या धाकाचा भाग किती, हे वेगळं काढणं अवघड. पण जेलीचा घोळ काही छाप्याने झालेला नव्हता. आत लहानसहान गोष्टीही कोरेशच्या मर्जीने चालत. आपल्याला काही आवडतं किंवा आवडत नाही, हे शोधायची वेळच या पोरांवर आली नव्हती.

अशा गटांना 'पंथ' म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. आपल्याकडे पंथ, संप्रदाय हे मानाचे शब्द, वारकरीही संप्रदायच. म्हणून सरळ 'कल्ट' म्हणतो. माझ्यापुरती त्याची खूण एकच: सोडून जाणाऱ्याशी तिथे कसं वागतात.

काय हवं ते ठरवता न येण्याचा हा घोळ मोठ्यांचाही होतो. कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ मार्गारेट सिंगर 1970 च्या दशकात कल्टमधून बाहेर आलेल्यांच्या गटचर्चा घेत. बहुतेक जण विशीतले, खात्यापित्या घरचे. त्यातल्या एका तरुणीची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. ती घरी यायची आणि खोली आवरू, स्वयंपाक करू की झोपू, हे तिला ठरवता यायचं नाही. शेवटी झोपायची. कल्टमध्ये चांगलं वागल्याचं बक्षीस म्हणून गोडधोड मिळायचं. आता ती एकटीच चॉकलेटं आणि केक खात दात किडवत होती. शाबासकी देणारं कुणी उरलं नव्हतं, बक्षिसाची सवय मात्र राहिली होती.

सिंगर यांनी 1979 मध्ये हे अनुभव लिहिले. त्यातला सगळ्यात चमत्कारिक प्रकार म्हणजे 'तरंगणं'. माणूस बोलता बोलता, कधी गाडी चालवतानाही, अचानक कल्टमधल्या त्या गुंगीत परत जातो. महिनोन्‌महिने अपुरी झोप आणि तासन्‌तास जप, त्या जोडीला ठरावीक सूर, ठरावीक शब्द. मेंदू यांची सांगड घालून ठेवतो. पुढे ताण आला, थकवा आला किंवा बसमध्ये कुणाच्या तोंडून तसलाच एखादा शब्द कानावर पडला, की ती सांगड आपोआप जागी होते. माणसाला वाटतं, आपल्याला वेड लागतंय. खरं तर ही शिकलेली प्रतिक्रिया असते आणि वापरात नसली की हळूहळू विरते. पूर्वीसारखं कामाला लागायला सिंगर यांच्याकडच्या अनेकांना सहा ते अठरा महिने लागले.

त्यात घरचे डोळ्यांत तेल घालून पाहत असतात. पोरगी खिडकीबाहेर दोन मिनिटं बघत बसली की आईच्या पोटात गोळा: परत जाणार की काय? खरं तर ती पाऊस बघत असते.

आता थोडा संशयही घ्यायला हवा. सिंगर यांच्याकडे येणारे मुळात मदतीच्या शोधातले, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना घरच्यांनी कोर्टाच्या आदेशाने बाहेर ओढलेलं. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी कोरियन धर्मगुरू मून यांच्या युनिफिकेशन चर्च या गटाच्या लंडनजवळच्या शिबिरांना 1979 मध्ये गेलेल्या हजारावर लोकांचा माग काढला, तेव्हा सुमारे 90 टक्के लोक सामील झालेच नव्हते. जे झाले, त्यातले बहुतेक दोनेक वर्षांत आपल्या पायांनी बाहेर पडले. 'ब्रेनवॉश' हा शब्द आपण उगाच सैल सोडतो. सगळेच मोडून पडत नाहीत. पण जे मोडतात त्यांचा त्रास खरा आहे. दीर्घकाळच्या तीव्र दबावाखाली मन वळवलं गेल्याने ओळखच डळमळणं, याची नोंद अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 2013 च्या निदानसूचीत, 'डीएसएम-5' मध्ये, विघटनात्मक विकारांखाली, म्हणजे आठवण, ओळख, भान यांची एकसंधता तुटण्याच्या विकारांखाली, आहे.

वेकोच्या मुलांना पेरी यांच्या चमूने ठरलेल्या तासाला समोर बसवून उपचार दिले नाहीत. जेवणाच्या, झोपेच्या वेळा पक्क्या केल्या आणि आसपास मोठी माणसं ठेवली. कुणी गमत्या, कुणी मायाळू, कुणी प्रश्नांची सरळ उत्तरं देणारा. हसायचं असलं की मूल एकाकडे जाई, कुशीत शिरायचं असलं की दुसरीकडे, आई-बाबांचं काय झालं विचारायचं असलं की तिसऱ्याकडे. आज कुणाकडे जायचं, हे त्यांना कुणी सांगत नव्हतं.