जग माझ्याशी नीट वागतं आणि जग सगळ्यांशी नीट वागतं

‘देव माझं वाईट करणार नाही’ आणि ‘ज्याचे त्याचे भोग’ ही दोन्ही वाक्यं आपण श्रद्धेच्या एकाच खात्यात टाकतो. मानसशास्त्रज्ञ मात्र त्यांचा हिशेब वेगळा ठेवतात. पहिल्यात जग आपल्याशी न्यायाने वागेल हा भरवसा आहे. दुसऱ्यात जग सगळ्यांशीच न्यायाने वागतं, म्हणजे गरिबाची गरिबीही त्याच्याच करणीची, असा निकाल आहे.

अभ्यासाची सुरुवात या निकालापासून झाली. मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ७२ अमेरिकन विद्यार्थिनी होत्या. त्यांनी बघायचं असं : एक तरुणी शब्दांच्या जोड्या पाठ करते आहे, चुकली की तिला विजेचा झटका बसतो, ती कळवळते. (सगळा अभिनय. झटके खरे नव्हतेच.) ज्यांना तिची सुटका करता आली, त्यांनी तिच्याबद्दल बरं मत दिलं. हा छळ पुढेही चालणार असं ज्यांना सांगितलं, त्यांनी तिलाच नावं ठेवली. आणि आपल्यासाठी ती हे सोसते आहे अशी ज्यांची समजूत करून दिली होती, त्यांनी सर्वांत जास्त. निरपराध माणूस विनाकारण भोगतो हे मान्य करणं जड जातं. त्यापेक्षा तीच तसली होती असं मानणं सोपं, हा लर्नर यांचा निष्कर्ष.

पुढे बरीच वर्षं दोन्ही विश्वास एकाच प्रश्नावलीत मोजले गेले. जर्मनीच्या क्लाउडिया डाल्बर्ट यांनी १९९९ मध्ये ते वेगळे मोजले, तेव्हा दिसलं की जग सगळ्यांपेक्षा आपल्याशी जास्त न्यायाने वागतं असं लोकांना वाटतं. समाधानाशी जवळचं नातं या ‘माझ्यापुरत्या’ भरवशाचं निघालं. लोरां बेग आणि मारिना बास्तूनिस यांच्या २००३ च्या अभ्यासात जग इतरांशी न्यायानेच वागतं हा विश्वास गरिबांना कमी लेखण्याशी आणि कडक शिक्षेच्या मागणीशी जोडलेला आढळला.

आपल्याकडे ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ ही ओळ या दोन्ही कामांना लावली जाते. स्वतःला म्हटली तर ती पहिल्या खात्यात जाते. पोट भरलेल्याने उपाशी माणसाला ऐकवली की दुसऱ्या. माझा अनुभव असा की ती बहुतेक वेळा दुसऱ्यालाच ऐकवली जाते. खुद्द तुकोबांनी १६३० च्या दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. सावकारी घरातल्या माणसाने ऋणकोंना ‘तैसेचि राहा’ म्हणायचं टाळलं, तेही समाधानावर अभंग रचणाऱ्याने.

माणसाच्या समाधानात स्वभावाचाही वाटा मोठा आहे. बहिर्मुख माणसाला आनंदाचे क्षण जास्त मिळतात, सतत काळजी करणाऱ्याला मनस्ताप जास्त होतो; कोस्टा आणि मॅक्रे यांनी १९८० मध्येच हे दाखवलं होतं. त्यामुळे एखादा भाविक आनंदी दिसला की सगळं श्रेय देवाला देऊ नये, काही मूळ स्वभावाचंही असतं.

धर्माचा उरलेला वाटाही एकजिनसी नाही. चेयून लिम आणि रॉबर्ट पटनम यांना अमेरिकेत २०१० मध्ये आढळलं की, चर्चला नियमित जाणाऱ्यांचं समाधान बरंचसं तिथे जुळलेल्या मैत्रीतून येतं. दिंडीत चाललेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. एड डीनर आणि सहकाऱ्यांना २०११ मध्ये दिसलं की जगणं कठीण असलेल्या देशांत धार्मिक माणसं जास्त समाधानी असतात. सुस्थितीतल्या देशांत हा फरक जवळपास नाहीसा होतो.

मात्र ‘ज्याचे त्याचे भोग’ हा इतरांबद्दलचा निकालही समाधानाच्या हिशेबात अगदीच निष्फळ नसतो. जेमी नेपियर आणि जॉन जोस्ट यांनी २००८ मध्ये विचारलं की अमेरिकेत उजव्या विचारांची माणसं डाव्यांपेक्षा आनंदी का असतात. उत्पन्न, लग्न, धार्मिकता हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरला, आणि त्याचा काही भाग विषमता रास्तच आहे या समजुतीतून येत होता. १९७४ ते २००४ या काळात तिथली उत्पन्नाची दरी रुंदावत गेली, तसं दोघांच्या आनंदातलं अंतरही वाढलं. आनंद जास्त घटला तो डाव्यांचा, ज्यांना ती दरी अन्यायाची वाटत होती.