मारलेला मॅक्स आणि काढलेला मॅक्स

‘बेंच किती मारतोस?’, म्हणजे बाकावर उताणं पडून छातीवरून किती वजन वर ढकलतोस, या प्रश्नाला जिममध्ये दोन जातींची उत्तरं मिळतात. एक म्हणजे गड्याने खरोखर एकदा वर नेलेलं वजन. दुसरं म्हणजे पाच-सहा रेप्सवरून (वजन एकदा खाली-वर केलं की एक रेप) मोबाइलने काढून दिलेलं. दोन्हीला आपण ‘वन रेप मॅक्स’च, म्हणजे एका रेपला जास्तीत जास्त उचलता येणारं वजनच म्हणतो, आणि घोळ तिथेच होतो.

काढलेल्याचं आधी बघू. समजा, एका सेटमध्ये, म्हणजे न थांबता, ६० किलोच्या ५ रेप्स बसल्या. १९८५चं एप्लीचं सूत्र घेतलं तर रेप्सना ३०ने भागायचं, त्यात १ मिळवायचा आणि वजनाने गुणायचं. उत्तर ७० किलो. ब्रिझिकीच्या सूत्रात वजनाला ३६ने गुणून, ३७मधून रेप्स वजा करून जे उरेल त्याने भागायचं. उत्तर साडेसदुसष्ट. माणूस तोच, सेट तोच, आणि अडीच किलोचा फरक! १० रेप्सना दोन्ही सूत्रं एकाच आकड्यावर येतात, त्यापुढे ब्रिझिकी जास्त उदार होतं. ३७ रेप्स मारल्या तर त्यात शून्याने भागाकार येतो, म्हणजे ताकद अनंत. एप्लीचा विनोद वेगळा: १०० किलो एकदाच उचललं तरी ते म्हणतं, तुझा मॅक्स १०३.

म्हणून ३ ते ६ रेप्सचा सेट धरावा. पंधराच्या सेटवरून काढलेला आकडा ताकदीपेक्षा दमाचाच जास्त असतो.

पण सूत्रापेक्षा मोठी चूक सेटमध्येच होते. मागे उभा राहिलेला दोस्त रॉडखाली दोन बोटं घालून ‘तुझंच आहे, तुझंच आहे’ ओरडत असतो. ती पाचवी रेप निम्मी त्याची असते. ती धरली तर एप्लीने ७०, सोडली तर ६८. शिवाय रॉड. ‘दोन्ही बाजूंना वीस-वीस’ म्हणजे ६० किलो, हे रॉड २० किलोचा असेल तरच. गल्लीतल्या जिममधला रॉड एकदा वजनकाट्यावर ठेवून बघाच.

मारलेल्या मॅक्सला हिशोब लागत नाही, पण तो त्या दिवसाचा असतो. उपास, जागरण, आदल्या दिवशीचे ट्रायसेप्स, सगळं त्यात उतरतं. एका रेपचं कसबही वेगळं. वर्षभर दहा-बाराच्या सेटवर खेळलेल्याच्या हातात अचानक जड रॉड आला की ताकद असूनही कोपरं थरथरतात, आणि कॅल्क्युलेटरचे ७० प्रत्यक्षात ६५वर अडकतात. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत तर छातीवर रॉड स्थिर झाल्यावर पंच ‘प्रेस’ म्हणेपर्यंत थांबावं लागतं. तिथे छातीवर उसळी घेऊन मारलेला जिमचा आकडा सांगून उपयोग नाही.

मॅक्सच्या टक्क्यांवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला मी काढलेलाच आकडा देतो, आणि दोन सूत्रांतला लहान: ६७.५. त्याचे ८० टक्के म्हणजे ५४. एवढ्या लहान प्लेट्स कुठल्या मिळायला? २० किलोच्या रॉडला प्रत्येक बाजूला १५ आणि १.२५ लावले की साडेबावन्न होतात, तेवढ्यावर भागवतो. नवख्याने तर मॅक्स मारायच्या फंदात पडूच नये. माझ्या वहीत दोन्ही मॅक्सचे रकाने वेगळे आहेत. मारलेल्याच्या रकान्यात वर्षाला जेमतेम दोन नोंदी पडतात.