कसरती विमान उतरवताना का मोडतं?

रिमोटवर उडणाऱ्या १ ते १.५ मीटर पंखांच्या विमानांसाठी

ट्रेनरवर, म्हणजे शिकाऊ विमानावर, बसलेला हात कसरती विमानाला जसाच्या तसा चालत नाही. ट्रेनरचा पंख खालून सपाट असतो, मोटर बंद केली तरी तो तरंगत येतो. कसरती विमानाचा पंख वरून-खालून सारखाच फुगीर. म्हणून ते उलटंही तितकंच छान उडतं. पण वेग फार कमी झाला की एक पंख झटक्यात खाली जातो आणि विमान कोसळतं. जमिनीपासून तीन मीटरवर हे घडलं तर सावरायला जागाच नसते. त्यामुळे थ्रॉटल, म्हणजे मोटरची ताकद, शून्यावर आणून उतरू नका. पाव ते एक-तृतीयांश थ्रॉटल ठेवा, वाऱ्याच्या तोंडावर सरळ या, आणि फूटभर उंची उरली की मगच मोटर बंद करा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा हिशोब वेगळा आहे. जानेवारीच्या सकाळी १२ अंशांना हवा जितकी दाट असते, तिच्यापेक्षा मेच्या दुपारी ४४ अंशांना ती सुमारे १० टक्के विरळ होते. तेच विमान तोलून धरायला मग साधारण ५ टक्के जास्त वेग लागतो. आपण वेग नजरेने जोखतो, आणि नजर हिवाळ्याची असते. ‘रोजच्यासारखंच आलं होतं, तरी पडलं’ याचं कारण पुष्कळदा हेच. त्यात दुपारच्या वावटळी. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत उडवा.

चाकं टेकली म्हणजे उतरणं झालं, असं मुळीच नाही. या विमानांचं तिसरं चाक शेपटीला असतं आणि वजनाचा तोल पुढच्या चाकांच्या मागे. विमान जरा वाकडं झालं की मागचं वजन पुढे यायला बघतं, विमान गर्रकन फिरतं आणि पंखाचं टोक जमिनीला घासतं. शेपूट टेकली की रिमोटवरची एलिव्हेटरची (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या आडव्या पट्टीची) दांडी मागे ओढून धरा आणि विमान थांबेपर्यंत सोडू नका. दिशा रडरने (शेपटीच्या उभ्या पट्टीने), छोट्या छोट्या हालचालींनी सांभाळा. कसरतीची मोठी थ्रो (पट्ट्या किती वळतात ते माप) उतरताना ठेवू नका: लो रेटवर, म्हणजे रिमोटच्या कमी मापाच्या सेटिंगवर, एलिव्हेटर १२ ते १५ अंश, आणि एक्स्पो (दांडीच्या मधल्या भागातली हालचाल मऊ करणारी सेटिंग) ३० टक्के पुरे.

काळ्या जमिनीच्या भेगा आणि पराटीची (कपाशीच्या झाडांची) धसकटं यांत ५० मिलिमीटरची चाकं अडकतात आणि विमान नाकावर उलटतं. वावरात उतरायचं तर ७० ते ७५ मिलिमीटरची चाकं लावा, चाकांवरची कव्हरं काढून ठेवा.

जोराचा आदळा बसला की अॅल्युमिनियमचा गिअर (चाकांचा दांडा) मागे वाकतो. दिसायला किरकोळ, पण चाकं तोलाच्या जवळ सरकतात आणि पुढच्या खेपेला विमान नाकावर पडून प्रॉपेलर तुटतो. गिअर हाताने धरून पुढे-मागे हलवा. ‘कट्’ आवाज आला किंवा गिअर जिथे बसतो त्या प्लायवुडच्या पट्टीच्या कडेला केसासारखी पांढरी रेघ दिसली, तर सांधा सुटलाय. त्या दिवशी पुन्हा उडवू नका.

बॅटरीही जपा. २२०० एमएएचची असेल तर ६०० ते ७०० शिल्लक असतानाच उतरायला या. नेम चुकला तर थ्रॉटल देऊन पुन्हा फेरी मारता आली पाहिजे.

आमच्याकडे दुरुस्तीला आणताना तुटलेले सगळे तुकडे, लाकडाच्या ढलप्यासुद्धा, पिशवीत घालून आणा. झटपट चिकटणारा गोंद घरी लावू नका; तो सांध्यात मुरला की आम्हाला तेवढं लाकूड कापूनच काढावं लागतं, कारण त्यावर इपॉक्सी (आम्ही वापरतो तो दोन भाग मिसळून लावायचा गोंद) नीट धरत नाही.